दोन चमच्यांची जागा

मसल कार कशी संपली, याची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल द्यायचं थांबवलं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि घटाघटा पेट्रोल पिणाऱ्या त्या गाड्या बघता बघता इतिहासजमा झाल्या. गोष्ट सोपी आहे, लक्षात राहते, आणि तिच्यात सगळा दोष बाहेरच्यांचा आहे. जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते.

फक्त तारखा जुळत नाहीत.

शेव्हरोलेच्या शेव्हेल या गाडीत १९७० साली ४५० अश्वशक्तीचं इंजिन मिळायचं. पुढच्याच वर्षी ते शेव्हेलमधून गेलं. क्रायस्लरचं ४२६ हेमी, ज्याच्यावर लोक आजही जीव टाकतात, १९७१च्या मॉडेलांनंतर गाड्यांत बसवणं बंद झालं. १९७३च्या शेव्हेलमध्ये ४५४ घन इंचांचं अवाढव्य इंजिन मिळत होतं, पण कागदावर त्याची ताकद उरली होती २४५ अश्वशक्ती. अरबांनी नळ बंद केला तेव्हा पेशंट आधीच अंथरुणाला खिळलेला होता.

मग त्याला झालं काय होतं? मला पटलेलं उत्तर त्या इंजिनाच्या आतच आहे. पिस्टन पार वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जी जागा उरते, त्या जागेतल्या दोन मोठ्या चमच्यांच्या फरकात. तिथवर पोचायचं तर असं इंजिन बांधतात कसं, ते आधी बघायला हवं. ‘बांधतात’ हा शब्द आपल्या गॅरेजांतला. आपला मेकॅनिक इंजिन ‘खोलतो’ आणि ‘बांधतो’, गाठोडं सोडून पुन्हा बांधावं तसं. अमेरिकेत १९६०च्या दशकात जे चाललं होतं त्यालाही हाच शब्द शोभतो.

अकरा मिलिमीटर

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मूळ ठोकळा. ओतीव लोखंडाचा, आठ भोकांचा. चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’सारख्या एकमेकींपासून कललेल्या, म्हणून व्ही-८. शेव्हरोलेच्या छोट्या ब्लॉकमध्ये शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंत ४.४ इंचांचं अंतर असतं. १९६५मध्ये बाजारात आलेल्या मोठ्या ब्लॉकमध्ये, म्हणजे बिग ब्लॉकमध्ये, ते ४.८४ इंच झालं. फरक जेमतेम ११ मिलिमीटरचा. पण तेवढ्यानं सिलिंडर रुंद करता येतो, त्यावर मोठे व्हॉल्व्ह बसतात, आणि इंजिनाला मोठा श्वास घेता येतो.

किती मोठा? ४५४ घन इंच म्हणजे साधारण ७,४४० सीसी. त्याला आठानं भागा. एका सिलिंडरच्या वाट्याला ९३० सीसी येतात. आपल्याला सगळ्यांना माहीत असलेल्या मारुती ८००चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. म्हणजे या इंजिनाचा एकेक सिलिंडर एका मारुतीपेक्षा मोठा, आणि असे आठ.

एवढं इंजिन लोकांना हवं कशाला होतं, हा प्रश्न वाजवी आहे. उत्तर महायुद्धानंतरच्या अमेरिकेत आहे: लांब सरळ रस्ते, स्वस्त पेट्रोल, आणि नुकत्याच वयात आलेल्या, खिशात पैसे खुळखुळणाऱ्या पोरांची एक अख्खी पिढी. १९६४मध्ये पाँटिॲक कंपनीतल्या जॉन डीलोरिअन, बिल कॉलिन्स आणि रस गी या इंजिनिअरांनी एक पळवाट काढली. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. यांनी टेम्पेस्ट या मध्यम गाडीत मोठ्या पाँटिॲकमधलं ३८९ घन इंचांचं इंजिन बसवलं, आणि त्याला नवं मॉडेल न म्हणता जादा पैसे देऊन घ्यायची सोय म्हटलं. नाव दिलं जीटीओ. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मसल कारची सुरुवात सहसा इथून मोजतात. मध्यम अंग, प्रचंड इंजिन, आणि कारखान्यात नोकरी करणाऱ्या तरुणालाही हप्त्यानं परवडेल अशी किंमत.

हत्ती

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, फ्लोरिडातल्या डेटोनाच्या मैदानावर क्रायस्लरनं आपलं हत्यार बाहेर काढलं.

क्रायस्लरचे अध्यक्ष लिन टाउनसेंड यांना डेटोनाची ५०० मैलांची शर्यत जिंकायची होती. काम आलं टॉम हूव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे. हूव्हर रॅमचार्जर्स नावाच्या टोळक्यातले. दिवसा क्रायस्लरमध्ये इंजिनिअर, उरलेल्या वेळात स्वतःच्या हातानं शर्यतीच्या गाड्या बांधणारी ही मंडळी. त्यांनी कंपनीच्या जुन्या कपाटातली एक कल्पना झटकून पुन्हा काढली: हेमी.

हेमी म्हणजे हेमिस्फेरिकल, अर्धगोल. सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, आतून पालथ्या वाटीसारखं असतं. वाटीच्या एका उतारावर हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह, समोरच्या उतारावर धूर बाहेर सोडणारा, आणि माथ्याजवळ स्पार्क प्लग. दोन व्हॉल्व्ह समोरासमोर असल्यामुळे ते मोठे करता येतात, आणि वारा एका खिडकीतून येऊन समोरच्या खिडकीतून जावा तसं मिश्रण आरपार वाहतं. क्रायस्लरनं १९५१मध्ये अशी हेडं आपल्या गाड्यांत बसवली होती आणि दशक संपता संपता ती महाग म्हणून सोडूनही दिली होती. आता तीच रचना ४२६ घन इंचांच्या मोठ्या ब्लॉकवर चढवायची ठरली. हेडं इतकी रुंद झाली की इंजिनाला पुढे ‘एलिफंट’ हे टोपणनाव पडलं.

वेळ थोडा होता. चाचणीत इंजिन पूर्ण ताकदीनं तासन्‌तास पळवल्यावर सिलिंडरांच्या भिंतींना तडे जायला लागले. शर्यत तोंडावर आलेली असताना जाड भिंतींचे नवे ब्लॉक ओतावे लागले. क्रँक ज्या बेअरिंगांवर फिरतो त्यांच्या टोप्या एरवी खालून बोल्टांनी आवळतात. इथे मधल्या टोप्यांना ब्लॉकच्या बाजूंनीही आडवे बोल्ट मारले, कारण एवढ्या माऱ्याखाली टोप्या हलण्याची भीती होती.

२३ फेब्रुवारी १९६४. रिचर्ड पेटी यांची प्लिमथ २०० पैकी १८४ फेऱ्या आघाडीवर होती. पहिला पेटी, दुसरा जिमी पार्ड्यू, तिसरा पॉल गोल्डस्मिथ, तिघांच्याही बॉनेटखाली हेमी. आदल्या वर्षी पोल मिळवणारा वेग ताशी १६०.९ मैल होता. गोल्डस्मिथनं या वर्षी १७४.९ काढला. किलोमीटरच्या हिशोबात २५९वरून २८१. एका वर्षात एवढी उडी इंजिनानं घेतली, पण टायर, पेट्रोलच्या टाक्या आणि माणसांची शरीरं जिथं होती तिथंच राहिली. त्या मोसमात नावाजलेले तीन ड्रायव्हर गेले. दुसरा आलेला पार्ड्यू त्यांतलाच. सप्टेंबरमध्ये शार्लट इथं टायरच्या चाचणीत त्याचा मृत्यू झाला.

पुढच्या मोसमासाठी नॅसकार या शर्यतसंस्थेनं हेमीवर बंदी घातली. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीत जे इंजिन मिळत नाही ते शर्यतीत चालणार नाही, असा नियम आला. क्रायस्लरनं रागावून मैदान सोडलं, आणि पेटी सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यतींकडे वळले. २८ फेब्रुवारी १९६५ला जॉर्जिया राज्यातल्या डॅलस गावी त्यांची हेमी बसवलेली गाडी भरकटून प्रेक्षकांत घुसली. आठ वर्षांचा एक मुलगा गेला.

हेमीच्या इतिहासात हा प्रसंग बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. मला तो तेवढ्यावर सोडवत नाही. गाडीत बसणाऱ्यानं धोका पत्करलेला असतो. कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या मुलाला कुणी विचारलेलं नसतं. या लेखाचा पुढचा भाग अशाच कठड्यापलीकडच्या मुलांबद्दल आहे. त्यांची संख्या मात्र कोटींत आहे.

क्रायस्लरनं नियमाचं उत्तर नियमानंच दिलं. १९६६मध्ये हेमी कुणालाही विकत घेता येईल अशा गाड्यांत आली: ४२५ अश्वशक्ती, दोन मोठे चार-नळी कार्बोरेटर.

काच, ब्युरेट आणि रंगीत पाणी

इंजिनाची ताकद वाढवायच्या मुख्य वाटा तीन. सिलिंडर मोठा करा. त्याचा श्वास मोकळा करा. किंवा आत घेतलेलं मिश्रण जळण्याआधी जास्त दाबा. पहिली वाट बिग ब्लॉकची, दुसरी हेमीच्या हेडांची. तिसरीची गोष्ट कमी सांगितली जाते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

ती मी प्रत्यक्ष पाहिली डेट्रॉइटच्या एका उपनगरात. नोकरीनिमित्त मी तिथं राहत होतो तेव्हा शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. आयुष्य इंजिनाच्या कारखान्यात काढलेलं. त्यांच्या गॅरेजात १९७०चं ४५४ स्टँडवर टांगलेलं असायचं, आणि शनिवारी मी टॉर्च धरायला जायचो. त्यांना बोलायची फारशी सवय नव्हती. मोजायची होती. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली मोजायचे, मग तोच आडवा. पिस्टनची कडी सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट पट्टीनं तपासायचे. एक बोल्टही नुसत्या हातानं आवळलेला मी पाहिला नाही, टॉर्क दाखवणारा पाना हवाच.

एका शनिवारी त्यांनी हेड पालथं करून टेबलावर ठेवलं. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून सगळी भोकं बंद केली. वाटीच्या कडेला ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची चकती चिकटवली. चकतीला एक बारीक भोक. मग कॉलेजच्या रसायनशाळेत असते तशी ब्युरेट घेऊन त्या भोकातून रंगीत द्रव सोडायला लागले. वाटी काठोकाठ भरली, बुडबुडा गेला, की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. असं आठही वाट्यांचं. आकड्यांत फरक आला तर ज्या वाटीत कमी मावतं तिला घासून इतरांच्या जोडीला आणायचं.

हे सगळं कशासाठी, तर कॉम्प्रेशन रेशोसाठी. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये किती जागा आणि वर आल्यावर किती उरते, यांचं गुणोत्तर. १९७०च्या त्या ४५० अश्वशक्तीच्या ४५४मध्ये ते ११.२५:१ होतं. कागदावर हिशोब करून बघा. पिस्टन ९३० सीसी जागा झाडून नेतो, आणि वर उरते ती सुमारे ९१ सीसी. म्हणजे लिटरभर मिश्रण सहा मोठ्या चमच्यांच्या जागेत कोंबायचं आणि मग ठिणगी टाकायची. जितकं जास्त दाबाल तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं.

मग सगळेच का दाबत नाहीत? कारण दाबलं की मिश्रण तापतं. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेपर्यंत शिस्तीत पसरायला हवी. फार दाबलं तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. आपल्याकडे म्हणतात, इंजिन नॉकिंग करतंय. चढावर जुनी फियाट चौथ्या गिअरमध्ये रेटली की यायचा तोच खडखडाट, इथे तो ९३० सीसीच्या सिलिंडरात. पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. पेट्रोल या आपोआप भडकण्याला किती दाद देत नाही, ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळतं.

“याला हवं ते पेट्रोल आता पंपावर नाही,” शेजारी एवढंच म्हणाले, आणि पुढच्या वाटीकडे वळले.

चमचाभर शिसं

‘याला हवं ते पेट्रोल’ म्हणजे शिसं घातलेलं पेट्रोल.

९ डिसेंबर १९२१ रोजी ओहायोतल्या डेटनमध्ये, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत, टॉमस मिजली यांना सापडलं की टेट्राइथाइल लेड हे द्रव्य पेट्रोलमध्ये मिसळलं की नॉकिंग थांबतं. एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, सुमारे ३ मिलिलिटर पुरे. चमचाभरही नाही. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं, हे त्या प्रयोगशाळेला माहीत होतं. पण अल्कोहोल कितीतरी जास्त लागतं, आणि कुणीही गाळू शकतो अशा वस्तूवर मक्तेदारी मिळवता येत नाही. शिशाच्या या संयुगाच्या वापरावर पेटंट मिळत होतं. १९२३मध्ये ते ‘इथाइल’ या नावानं विकायला आलं. नावात ‘लेड’ हा शब्द नव्हता.

शिसं विषारी आहे हे तेव्हा गुपित नव्हतं. वैद्यकाला ते शतकानुशतकं ठाऊक होतं. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजली यांनी पत्रकारांसमोर त्या द्रवानं हात धुऊन आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. मे १९२५मध्ये सरकारनं परिषद बोलावली. हार्वर्डच्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी तिथं धोका स्पष्ट सांगितला. तरीही १९२६मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली आणि पुढची पन्नास वर्षं जोरात राहिली.

यातली रासायनिक खुबी लक्षात घ्या. शिसं आपलं काम करून सिलिंडरमध्येच साचलं असतं तर प्लग बरबटून इंजिन बंद पडलं असतं. म्हणून सोबत असं रसायन घालायचे जे शिशाला धरून धुराबरोबर बाहेर नेईल. म्हणजे सायलेन्सरमधून शिसं बाहेर पडणं हा दोष नव्हता. यंत्रणेची रचनाच तशी होती. इंजिन स्वच्छ ठेवायचं आणि शिसं रस्त्यावर सोडायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेट्रोलमध्ये वर्षाला सुमारे दोन लाख टन शिसं जात होतं.

सगळंच शिसं बिग ब्लॉकनं ओकलं असं मी म्हणत नाही. रोज भाजी आणायला जाणाऱ्या साध्या गाड्याही तेच पेट्रोल जाळत होत्या, आणि त्यांची संख्या कितीतरी जास्त होती. पण मसल कार ही त्या व्यवस्थेची सर्वांत उंच पताका होती. डेटोनाची हेमी १२.५:१ कॉम्प्रेशनवर धावली, शेव्हेल ११.२५वर. हे आकडे शिशाशिवाय त्या काळच्या पंपावरच्या पेट्रोलवर शक्य नव्हते.

१९६५ हे वर्ष या दृष्टीनं मला विलक्षण वाटतं. शेव्हरोलेचा बिग ब्लॉक त्याच वर्षी शोरूममध्ये आला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचा एक लेख छापून आला. पॅटरसन यांनी आधी उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढलं होतं, साडेचार अब्ज वर्षांहून थोडं जास्त. ते काम करताना त्यांना छळलं ते प्रयोगशाळेत कुठून कुठून घुसणाऱ्या शिशानं. हवेत, धुळीत, कपड्यांवर, केसांत. मग ते त्याच्याच मागे लागले. लेखाचा निष्कर्ष असा की आजच्या माणसाच्या अंगातलं शिसं नैसर्गिक मानता येणार नाही. ते माणसानं पसरवलेलं आहे. तेल उद्योगाकडून त्यांना मिळणारा निधी आटला. शोरूमसमोरची गर्दी वाढतच होती.

एकाहत्तरचा खरा निकाल

आता मूळ प्रश्न. १९७१मध्ये काय झालं?

१९७०च्या सुरुवातीला जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी पेट्रोलमधून शिसं काढायची मागणी केली. हे तेच कोल, ज्यांच्या देखरेखीखाली शेव्हरोलेचा १९५५चा गाजलेला छोटा ब्लॉक घडला होता. कंपनीही तीच, जिच्या प्रयोगशाळेत शिशाची युक्ती सापडली आणि जिची इथाइल कंपनीत १९६२पर्यंत निम्मी मालकी होती. त्यांचं मन मुलांच्या काळजीनं पालटलं नव्हतं. शहरांवरच्या धुरक्यामुळे कायदा कडक होणार हे दिसत होतं, आणि १९७० संपता संपता तो झालाच: १९७५पर्यंत धुरातले मुख्य घटक ९० टक्के कमी करा. त्यावर उपाय होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली प्लॅटिनमचा लेप दिलेली जाळी. शिशाचा थर बसला की ही जाळी निकामी होते. कन्व्हर्टर वाचवायचा तर शिसं जायला हवं होतं.

म्हणून जनरल मोटर्सनं १९७१च्या मॉडेलांपासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, कमी शिशाच्या ९१ ऑक्टेनवर चालेल एवढं. ४५४ घन इंचांची इंजिनं ८.५ ते ९:१वर आली. पुन्हा हिशोब करा. पिस्टनच्या डोक्यावरची जागा ९१ सीसीवरून ११६ ते १२४ झाली. फरक २५ ते ३३ सीसी. दोन मोठे चमचे.

पुढच्या वर्षी ताकद मोजायची पद्धतही बदलली. आधी इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर, पंखा यांचं ओझं काढून मोजायचे. १९७२पासून सगळं लावून, गाडीत असतं तसं मोजायला लागले. एका ४५४चा आकडा ३६५वरून २७०वर आला. यातली मोठी घट मोजमापाची होती, पण गिऱ्हाइकाला काय दिसलं असेल ते दिसलंच. तरुण ड्रायव्हरांचे विम्याचे हप्ते तर आधीच एवढे चढले होते की गाडी परवडली तरी विमा परवडेना. क्रायस्लरनं हेमीचं कॉम्प्रेशन शेवटपर्यंत उतरवलं नाही. १९७१मध्ये तिला तशीच निरोप दिला.

मारेकरी एकटा नव्हता हे खरं. पण तेलसंकटाच्या दोन वर्षं आधी निकाल लागला होता, आणि तो लागला पंपावर. ही इंजिनं ज्या उधारीवर चालली होती ती उधारी बंद झाली.

उधारी कुणाच्या नावावर

शिसं कमी व्हायला लागलं तसं मुलांच्या रक्तात ते दिसलं. अमेरिकेत १९७६ ते १९८० दरम्यान पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसं होतं. १९८८ ते १९९१पर्यंत ते ३.६ झालं. शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९मध्ये मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून ते शाळेतल्या कामगिरीशी जोडून दाखवलं. २०२२च्या एका अभ्यासाचा अंदाज असा की १७ कोटींहून अधिक हयात अमेरिकनांच्या लहानपणी रक्तातलं शिसं ५ मायक्रोग्रॅमच्या वर होतं, आणि सर्वांत जास्त फटका १९६० आणि ७०च्या दशकांत जन्मलेल्यांना बसला. मसल कारच्या भरात जन्मलेली, ती विकत घेण्याच्या वयाची नसलेली मुलं.

हे दूरदेशीचं वाटत असेल तर थोडं जवळ या. आपल्याकडे एप्रिल १९९५मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं, तेही नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला म्हणून. देशभर शिसं बंद झालं १ फेब्रुवारी २००० रोजी. त्याच्या जरा आधी, १९९८-९९च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं रक्त शिशासाठी तपासलं गेलं. १,०८१ मुलांपैकी ७६ टक्के मुलांत ते ५ ते २० मायक्रोग्रॅम होतं, आणि दिल्लीपेक्षा मुंबईत जास्त. शिसं पेट्रोलशिवाय रंगातून, भांड्यांतून, इतर वाटांनीही येतं हे खरं. पण त्या पाहणीतली मुलं आज तिशीच्या आसपास आहेत. हे वाचणाऱ्यांतले बरेच जण त्याच वयाचे, त्याच रस्त्यांवर कडेवर बसून फिरलेले. यांच्यापैकी कुणाच्या घरी शेव्हेल नव्हती.

आणि शर्यती? अमेरिकेच्या कायद्यानं शर्यतीच्या पेट्रोलला सूट दिली होती. नॅसकारच्या गाड्या २००७पर्यंत शिशावर धावत होत्या. ते बंद झाल्यावर मैदानांच्या आसपासच्या भागांत वृद्धांच्या मृत्यूचं प्रमाण घटल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी २०२१मध्ये दाखवून दिलं. कठडा बराच लांबवर होता, एवढाच याचा अर्थ.

या सगळ्यामुळे मला बिग ब्लॉक नकोसा वाटतो का? नाही. जाड भिंतींचा ब्लॉक शर्यतीच्या तोंडावर ओतून घेणाऱ्या माणसांची जिद्द खरी होती. शेजाऱ्यांचं मोजमापही खरं होतं. त्यांनी त्या ४५४ला कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन बसवले, आणि व्हॉल्व्ह टेकतात तिथं कठीण पोलादाच्या कड्या ठोकून घेतल्या. शिसं जाता जाता त्या जागेला वंगणासारखं जपायचं. ते नसलं की मऊ लोखंड झिजतं. शिसं गेल्यावर जुनं इंजिन जगवायचं कसं, याचं आता एक शास्त्रच झालं आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ताकदही गेलेली नाही. शेव्हरोलेनं पुढे ५०२ घन इंचांचा बिग ब्लॉक थेट खोक्यात घालून विकला. ॲल्युमिनिअमची हेडं, ९.६:१ कॉम्प्रेशन, पंपावरचं शिसेविरहित पेट्रोल, आणि ५०२ अश्वशक्ती. इंजिन मोठं आहे हे मान्य, पण श्वास सुधारला की दाबावर एवढं विसंबावं लागत नाही, हेही त्यानं दाखवलं. आणि १९२१मध्ये बाजूला सारलेलं अल्कोहोल? ते आता आपल्याच पंपावर आहे, पेट्रोलमध्ये २० टक्के, बरंचसं उसापासून आणि धान्यापासून केलेलं. त्याचे स्वतःचे वाद आहेत. पण ऑक्टेन वाढवायला शिशाखेरीज दुसरी वाट नव्हती, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. वाट होती, फक्त तिच्यात नफा कमी होता.

२०१४मध्ये सिॲटलच्या एका लिलावात १९७१ची हेमी इंजिनाची, टपाविना फिरणारी प्लिमथ कुडा ३५ लाख डॉलरना गेली. किमती आणखी चढतील. लोक तिच्या बॉनेटवरचा ‘हेमी’ हा शब्द आणि ४२५ हा आकडा बघतील. माझं म्हणणं इतकंच, की माहितीपत्रकावर अश्वशक्तीच्या खाली, बारीक अक्षरात, कॉम्प्रेशनचा आकडाही छापलेला असतो. तोही वाचावा. गाडीत न बसलेल्यांनी काय भरलं, त्याचा हिशोब त्या ओळीपासून सुरू होतो.